थोंग शिफूंनी शिक्का दिला नाही

निवृत्त कामगारांच्या कचेरीतून माझ्याकडे एक छापील कागद आला आहे. थोंग ग्वेइरू गेल्या वसंतात वारल्या. त्यांच्याबद्दल सात ओळी लिहून द्याव्यात, त्यांच्यासोबत काम केलेल्यांपैकी आता तुम्हीच उरला आहात, असे सोबतच्या चिठ्ठीत आहे. सात ओळींच्या खाली एक रकाना आहे: ‘काम कोणाच्या मार्गदर्शनाखाली केले’.

मी दोनदा कागद भरून दिला आणि दोन्ही वेळा तो परत आला, कारण तो रकाना मी रिकामा सोडला होता. कचेरीतली मुलगी फोनवर म्हणाली, “आजोबा, रिकामा नाही चालत. तेव्हाच्या विभागप्रमुखांचं नाव घाला ना, सगळे तेच घालतात.” मी हो म्हणालो. मी बहुतेक वेळा हो म्हणतो. फोन ठेवला आणि मग हे कोरे कागद पुढे ओढले. जन्मभर मी आकडे लिहिले, वाक्ये फारशी लिहिली नाहीत. जिथे अडखळेन तिथे वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

गोष्ट एकोणऐंशी सालच्या हिवाळ्यातली आहे.

शिपाओचे आमचे तेलक्षेत्र दलदलीत आहे. उन्हाळ्यात विहिरीपर्यंत जायचे तर गुडघाभर चिखल, डोक्याच्या वर गेलेले बोरूचे रान आणि डास. ट्रक तर जातच नाही. तळी गोठली की बर्फावरून ट्रक, यंत्रे, माणसे सगळी जातात. म्हणून खोदकाम, दुरुस्ती, मोजणी, जे काही असेल ते नोव्हेंबर ते मार्च, उणे पंचवीस-तीस अंशांत. इथल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. पण पुढे जे घडले ते यातूनच घडले, म्हणून आधी लिहून ठेवतो.

थोंग शिफू तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या आणि मोजणी तुकडीच्या प्रमुख होत्या. शिक्षण सातवीपर्यंत. हाताने काम शिकवणाऱ्याला आमच्याकडे शिफू म्हणतात, तसे सगळे त्यांनाही म्हणत. उजव्या गालावर हिमदंशाचा बोराएवढा काळा डाग होता. त्यांचा शिक्का सगळ्यांच्या ओळखीचा होता. नावाचा लाकडी शिक्का प्रत्येकाकडेच असतो, पण यांच्या शिक्क्याचा खालचा एक कोपरा फुटलेला होता. एकदा टाकीची झडप गोठली, हातोडी बर्फात पडली, तेव्हा हाताशी दुसरे काही नाही म्हणून त्यांनी शिक्क्यानेच खीळ ठोकून काढली होती. नवा कोरून घ्या म्हटले तर म्हणत, “कशाला? नाव नाही ना फुटलं.” कापडी पिशवीत घालून तो त्या कोटाच्या आत पिनेने टाचून ठेवत.

मी हिशेबाच्या खोलीत होतो. माझे नाव तान, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. थोंग शिफूंच्या तुकडीने मोजून आणायचे आणि मी त्यावरून काढायचे, अशी वाटणी होती. काय काढायचे ते थोडे सांगतो. जमिनीखाली खडकाच्या बारीक छिद्रांत तेल असते, आणि त्या तेलात गॅस विरघळलेला असतो, झाकण घट्ट बसवलेल्या सोड्याच्या बाटलीसारखा. दाब आहे तोवर गॅस गप्प असतो. दाब एका ठरावीक आकड्याच्या खाली गेला की खडकातच बुडबुडे सुटतात. मग गॅस पुढे पळून जातो आणि तेल जड होऊन मागे छिद्रांत अडकून बसते. ते पुन्हा कोणाच्याने निघत नाही. म्हणून तो आकडा आधी माहीत असावा लागतो. आम्ही त्याला बुडबुड्याचा दाब म्हणत असू.

खरा आकडा काढायचा तर विहिरीच्या तळाशी पोलादी बाटली सोडून, तिथले तेल तिथल्याच दाबासकट वर आणून मोजावे लागते. आमच्याकडे अशा दोन बाटल्या होत्या, त्यातली एक मोडकी. म्हणून इंजिनिअर चू यांनी विद्यापीठातून एक हाती छापलेली वही आणली. दूर कॅलिफोर्नियाच्या वीस-बावीस तेलांचे आकडे मांडून कोणी एक सूत्र बसवले होते. एक मापटे तेलाबरोबर किती मापटी गॅस येतो, दोघांचे जडपण आणि जमिनीखालची उष्णता, एवढे दिले की बुडबुड्याचा दाब हातात. हिशेबाच्या सरकत्या पट्टीवर दोन मिनिटांचे काम. यातला गॅस थोंग शिफूंची तुकडी विहिरीबाहेरच्या टाकीत तेलापासून सोडवून काट्यावर मोजत असे. मला ते सूत्र फार आवडले होते. हे आता लिहायला लाज वाटते, पण मी ते स्वच्छ अक्षरात लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवले होते.

डिसेंबरात विभागप्रमुख पांग यांनी वर शब्द दिला की चौदा विहिरींच्या तोंडावरच्या तोट्या बदलून मोठ्या भोकाच्या बसवू आणि नव्या वर्षात तेल दीडपट करू. भोक मोठे केले की तळाचा दाब शंभरावरून सत्तरावर येणार होता. माझ्या सूत्राने बुडबुड्याचा दाब आला होता बासष्ट. सत्तर हा बासष्टाच्या वर, म्हणजे धोका नाही. कागद तयार झाला. त्यावर तीन शिक्के लागत: मोजणाऱ्याचा, हिशेब करणाऱ्याचा आणि इंजिनिअरचा. माझा झाला, चू यांचा झाला. कागद घेऊन मी थोंग शिफूंची वाट पाहत बसलो.

त्या बर्फ झटकत आत आल्या.

“तुमचाच राहिलाय, शिफू. मारून टाका.”

“वाचू तर दे. पोरीला स्थळ सांगून आल्यासारखा काय घाई करतोस?” त्यांनी कागद खिडकीपाशी नेला. “बासष्ट?”

“सूत्रानं बासष्ट.”

“आणि माझ्या बाटलीनं अठ्ठ्याऐंशी. सप्टेंबरात चौघांनी खांद्यावर घेऊन, चिखलात फळ्या टाकत नेली होती ती. तिचं काय झालं?”

“एकच बाटली ना ती. चू इंजिनिअर म्हणाले, एका बाटलीवर कसं जायचं? झडप गळत असेल.”

“तान, गळक्या बाटलीत गॅस आत शिरतो की बाहेर जातो?”

“बाहेर.”

“मग गळली असती तर माझा आकडा खाली यायला हवा होता की वर जायला हवा होता?”

मी पट्टी पुसत राहिलो. उत्तर मला येत होते. कागद काखेत मारून त्या पांग यांच्या खोलीकडे निघाल्या. कागद माझ्या जबाबदारीचा, म्हणून मीही मागोमाग गेलो.

पांग वाईट माणूस नव्हते. पहिली विहीर खोदताना त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली होती आणि त्याच हाताने ते आम्हाला सणाला सिगरेटी वाटत. चू इंजिनिअर तिथेच चहा पीत बसले होते.

“थोंग, तेलामागं गॅस चौतीस, हा आकडा कोणी मोजला?” पांग यांनी विचारले.

“मी.”

“कोणाच्या टाकीवर?”

“माझ्याच.”

“मग स्वतःच्याच आकड्यावर शिक्का मारताना हात का आखडतोय?”

“मोजला मीच. काट्यानं चौतीस दाखवले, मी चौतीस लिहिले. पण बाटली एक सांगते आणि टाकी एक सांगते. दोघींतली एक खोटं बोलतेय. कोण ते कळेपर्यंत शिक्का नाही.”

“काय चुकलंय ते तरी सांगाल?”

“माहीत नाही अजून.”

पांग हसले. “ऐकलंत चू? तुमच्याकडे पुस्तक आहे, यांच्याकडे ‘माहीत नाही’ आहे.”

“पुस्तक लिहिणारा कधी शिपाओला आला होता?”

“तेल कुठंही तेलच असतं हो.”

“आपलं तेल ओंजळीत घ्या आणि दाराबाहेर दोन मिनिटं उभे राहा. हातात मेणबत्ती होईल. त्यांच्याकडं होते का?”

चू यांनी कप खाली ठेवला. ते माझ्याहून फार तर पाचसहा वर्षांनी मोठे, चष्मा लावणारे, भिडस्त. “शिफू, मेणाचा मुद्दा बरोबर आहे,” ते म्हणाले, “पण सूत्रात त्याला जागा नाही. आणि दुसरं सूत्र आपल्याकडे नाही.”

“मग तोट्या बदलू नका.”

“वर शब्द गेलाय!” पांग यांचा आवाज चढला. “एका लाकडाच्या तुकड्यासाठी चौदा विहिरी अडवणार? बाजारात असला शिक्का पंधरा मिनिटांत कोरून मिळतो.”

“कोरून घ्या. चारी कोपरे धड ठेवलेत तर तो माझा नाही हे झाडूवालाही सांगेल. आणि कोपरा फोडणार असाल तर कुठला फोडायचा ते विचारायला माझ्याकडेच यावं लागेल.”

दुसऱ्या दिवसापासून थोंग शिफूंची बदली कोबीच्या तळघरात झाली.

आमच्याकडे हिवाळाभर खायचा कोबी जमिनीखाली रचून ठेवतात. दर काही दिवसांनी एकेक गड्डा उलटावा लागतो, बाहेरची कुजकी पाने काढावी लागतात, नाहीतर सगळी रास सडते. हे काम खानावळीच्या ताब्यात होते आणि खानावळीचे मुख्य आचारी यान हे थोंग शिफूंचे यजमान. विभागातल्या लोकांना आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

“आता घरीदारी मीच तुझा साहेब,” यान म्हणाले.

“साहेब, मग तो टोपलीभर कुजका पाला वर न्या,” थोंग शिफू म्हणाल्या.

यानदादा मला पुढे कितीदा सांगत की पहिले चार दिवस ती कोबीशी बोलली आणि माझ्याशी नाही. पाचव्या दिवशी काय झाले ते त्यांच्याच तोंडून ऐकलेले लिहितो. आंबवायच्या कोबीचे सहा रांजण खानावळीच्या थंड बोळात होते. वर्षअखेरचा डुक्कर कापायचा दिवस जवळ आला होता. त्या दिवशी कोबीची आमटी लागते, म्हणून यान यांनी एक रांजण ओढत ओढत चुलीशेजारी आणला. सकाळी पाहतात तर झाकणावरचा दगड कलंडलेला, खारे पाणी बुडबुडत जमिनीवर आलेले, आणि बायको कंबरेवर हात ठेवून रांजणाकडे बघत उभी.

“काय गं, कोबी कधी पाहिला नाहीस?”

“म्हाताऱ्या, हा बोळात होता तेव्हा एक बुडबुडा सोडत नव्हता.”

“थंडीत कोण तोंड उघडतं?”

त्यावर त्यांनी एप्रन काढला आणि त्या थेट माझ्या खोलीत आल्या. (चू इंजिनिअरांनी नंतर समजावले होते की कोबीतला गॅस वेगळ्या कारणाने होतो आणि तेलातला वेगळ्या. ते बरोबरच असेल. पण शिफूंना तेवढे पुरले.)

“तान, टाकीत शिरताना तेल किती अंशांवर असतं?”

“तसा रकाना नाही आपल्या कागदावर.”

“मी सांगते. विहिरीपासून टाकीपर्यंत दोनशे पावलं उघडी नळी आहे. डिसेंबरात पोचेपर्यंत तेल दहा-बारा अंशांवर येतं. मळलेल्या कणकेसारखं. ते गॅस सोडतं कुठं? पोटात धरून बसतं, आणि आपण काट्यावर बघून लिहितो, चौतीस. मग ते तेल पुढं जातं, आपल्या लेखी त्यात गॅस शून्य.”

“पण आपण तर नेहमी हिवाळ्यातच मोजतो.”

“तेच तर म्हणतेय. वीस वर्षं.”

सूत्रात चूक नव्हती, पट्टीत नव्हती. सूत्राला पहिला घास द्यायचा तो गॅसचा, आणि तोच आम्ही वर्षानुवर्षे कमी भरवत आलो होतो. जगात इतर कोणाला ही चूक सुचली नसती. उन्हाळ्यात विहिरीपाशी जाता येते अशा माणसांना ती करताच आली नसती.

“मला टाकीवर जायला मनाई आहे,” त्या म्हणाल्या, “तुला नाही. टाकीच्या खालच्या नळाला ती शंभर मिलिलिटरची छोटी कुपी लाव, गॅस काढून झालेलं तेल भर, दोन्हीकडच्या झडपा घट्ट बंद कर आणि परवा दुपारी खानावळीत घेऊन ये.”

“पांगसाहेबांना कळलं तर?”

“कळावं म्हणूनच तर खानावळीत.”

मी गेलो, कुपी भरली. याचे श्रेय मी घेत नाही. मला कोणालाच नाही म्हणता येत नाही, आणि त्या दिवशी समोर त्या होत्या, एवढेच.

परवा म्हणजे डुक्कर कापायचा दिवस. दुपारी खानावळीत सगळा विभाग जमला होता. मोठ्या कढईत कोबी आणि चरबीचे तुकडे शिजत होते, बाजूला आतड्यात भरायचे रक्त परातीत निथळत होते, ज्वारीच्या दारूचे कप फिरत होते. जेवणाआधी पांग बाकावर उभे राहून चौदा विहिरींची घोषणा करणार होते. भिंतीवर लाल कागदही चिकटवून झाला होता.

पांग यांनी घसा खाकरला, तेवढ्यात थोंग शिफू तळघराच्या जिन्यावरून वर आल्या. हातात डुकराच्या मूत्राशयाचा धुतलेला फुगा होता. आमच्याकडे या सणाला मुले त्यात हवा भरून खेळतात, म्हणून लोक हसले.

“खेळायला घेतलात काय, शिफू?” मागून कोणीतरी ओरडले.

“हो. तूही ये.”

त्यांनी माझ्या हातून कुपी घेतली. फुगा पिळून सपाट केला, त्याचे तोंड कुपीच्या वरच्या झडपेला दोऱ्याने करकचून बांधले. “हे टाकीतून बाहेर पडलेलं तेल,” त्या म्हणाल्या. “कागदावर याच्यात गॅस नाही. म्हाताऱ्या, गरम पाणी.”

यान यांनी मुकाट्याने पाण्याची बादली चुलीवरून उतरवली. शिफूंनी कुपी पाण्यात उभी केली आणि झडप उघडली.

आधी काही झाले नाही. पांग म्हणाले, “सर्कस संपली असेल तर—” आणि फुग्याची एक सुरकुती हलली. मग दुसरी. हळूहळू तो उठून बसल्यासारखा झाला, गोल झाला, ताणला गेला. शेवटी बादलीवर छोट्या कलिंगडाएवढा गोळा उभा होता आणि खानावळीत फक्त कढई रटरटत होती.

पहिले हलले ते चू इंजिनिअर. त्यांनी फुग्याचे तोंड बांधले, तो सोडवून घेतला, काठोकाठ भरलेल्या दुसऱ्या बादलीत बुडवला आणि बाहेर सांडलेले पाणी यान यांच्या मापाने मोजले. अकराशे मिलिलिटर.

“शंभरामागं अकराशे,” ते म्हणाले. कान लाल झाले होते. “म्हणजे एकामागं अकरा. चौतीस अधिक अकरा, पंचेचाळीस. तान, पट्टी आहे?”

पट्टी माझ्या खिशात नेहमी असे. मी कपांच्या मधे कागद ठेवून तेच सूत्र पुन्हा मांडले. खात्रीसाठी दोनदा मांडले. “एकोणऐंशी.”

“मोठ्यानं,” थोंग शिफू म्हणाल्या.

“एकोणऐंशी!”

“आणि माझी बाटली म्हणते अठ्ठ्याऐंशी. मधले नऊ कुठं गेले, चू इंजिनिअर?”

“ते मेणाचे असतील. किंवा आपल्या गॅसचे. मला माहीत नाही, शिफू.”

“तुम्हालाही नाही? बरं झालं, सोबत मिळाली.”

काही लोक हसले. पांग हसले नाहीत. ते बाकावरून उतरले आणि त्यांच्यासमोर येऊन हळू आवाजात म्हणाले, “थोंग, मी वर सांगून बसलोय. आता मागं कसं फिरू? तूच सांग.”

मला वाटले की आता त्या विरघळतील. त्या आवाजाला मी तरी विरघळलो असतो.

“तुम्हाला माझा शिक्का हवा होता ना?” त्या म्हणाल्या. “घ्या.” माझ्या हातातला कागद ओढून त्यांनी पेन्सिलीने मोठ्या अक्षरात लिहिले: ‘तळाचा दाब नव्वदच्या खाली नेऊ नये.’ कोटाच्या आतून पिशवी काढली. शाई कुठे दिसेना, तेव्हा शिक्का शेजारच्या परातीत टेकवला आणि कागदावर दाबला.

“अगं, माझं आतड्यात भरायचं रक्त!” यान ओरडले.

“थेंबभर गेलं. कमी पडलं तर माझ्या वाटणीचं नका भरू.”

कागदावर लाल चौकोन उमटला, एक कोपरा नसलेला. चू इंजिनिअरांनी खिशातून जुना कागद काढला, त्यावरच्या आपल्या शिक्क्यावर दोन रेघा मारल्या आणि नवीन कागदावर शिक्का उठवला, त्याच परातीतून. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मीही रेघा मारल्या आणि शिक्का उठवला. मी तिसरा होतो, हे नमूद करतो. पहिला किंवा दुसरा होण्याची माझी छाती नव्हती.

पांग यांनी तीन लाल चौकोन एकेक करून बोटाने मोजले. “ठीक,” ते म्हणाले. “उत्तरेकडच्या सात विहिरी तुमच्या. हात लावणार नाही. दक्षिणेकडच्या सात मी उघडतो, माझ्या एकट्याच्या शिक्क्यावर. खाली माझं नाव. कोण खरं ते तेलच सांगेल.”

“ते सांगून झालंय,” थोंग शिफू म्हणाल्या, आणि तळघरात परत गेल्या. अजून दोन रांगा उलटायच्या होत्या.

दक्षिणेकडच्या सात विहिरींनी पहिले चार महिने धो धो तेल दिले. मार्चमध्ये ढोल वाजले, पांग यांच्या छातीवर कागदी फूल लागले. तळघराच्या झरोक्यातून ढोल ऐकू येत होते. मी खाली गेलो होतो, म्हणालो, “शिफू, वाईट वाटतं का?”

“वाजू देत. कोबीला आवडतं.”

उन्हाळ्याच्या अखेरीस त्या विहिरी शिट्या मारू लागल्या. तोटीतून तेलाऐवजी गॅस यायला लागला की तसा आवाज होतो. तो एकदा ऐकला की विसरत नाही. शरदापर्यंत तेल निम्म्यावर आले, तिसऱ्या वर्षी त्यातल्या तीन बंद कराव्या लागल्या. खडकात मागे किती राहिले याचा हिशेब मीच केला, तो इथे लिहीत नाही. उत्तरेकडच्या सात विहिरी एकोणीस वर्षे वाहिल्या.

पुढच्या हिवाळ्यात, कोबी पुन्हा तळघरात रचून झाल्यावर, पांग स्वतः जिना उतरून खाली गेले. मी मागे कंदील धरून होतो.

“चला परत मोजणीवर,” ते म्हणाले.

“ही रांग होऊ दे.”

पांग थांबले. मग बाही वर करून तीन बोटांच्या हाताने कोबी उलटू लागले. अर्धी रांग दोघांनी मिळून उलटली.

“तो उलटा ठेवलात,” थोंग शिफू म्हणाल्या. “देठ वर.”

“वर केला. अजून काय?”

“मोजणीच्या कागदावर नवा रकाना. ‘मोजताना तेल किती अंशांवर होते.’ तो भरल्याशिवाय हिशेब होणार नाही. आणि दर उन्हाळ्यात तळातून बाटल्या काढायच्या, चिखल असो की काही असो. माणसं आणि फळ्या तुम्ही द्यायच्या.”

“दिल्या.”

“दक्षिणेकडचं तुम्ही बोलणार नाही, मीही बोलणार नाही.”

पांग यांनी मान हलवली. दोघांनीही तो शब्द शेवटपर्यंत पाळला. तो मोडतोय तो मीच, आणि आज पहिल्यांदा.

पुढची आठ वर्षे थोंग शिफूंनी तळातून बाटल्या काढल्या. एकसष्ट. दर उन्हाळ्यात डासांनी चेहरा सुजलेला असे आणि हिमदंशाचा डाग त्यात बुडून जाई. मी आकडे आलेखावर मांडत गेलो. आमच्या मेणाच्या तेलाचे ठिपके पुस्तकातल्या रेषेच्या वर, पण शिस्तीत बसत होते. शेवटी रेषा ओढायची वेळ आली तेव्हा माझी वळणे काढायची वाकडी पट्टी कुठे नीट बसेना. थोंग शिफूंनी कोटाच्या अस्तरातून एक सुती दोरा उपसला, तो ठिपक्यांवरून सैल पसरला, बोटाने इकडे ढकलला, तिकडे ढकलला आणि म्हणाल्या, “इथं. आता पेन्सिल फिरव.” मी फिरवली. मग त्या वळणाचे सूत्र बसवायला चू इंजिनिअरांना सहा आठवडे लागले. आमच्याकडचे नवे लोक आजही आकडा आधी त्या सूत्राने काढतात आणि मग संगणकाला विचारतात.

एक्क्याण्णव साली त्या निवृत्त झाल्या. सूत्र दप्तरी लावायचे होते. कागद तयार झाला, त्यावर हाच रकाना होता: ‘काम कोणाच्या मार्गदर्शनाखाली केले’. कोणीतरी आधीच पांग यांचे नाव टंकून ठेवले होते. पांग यांना ते ठाऊकही नव्हते, ते तेव्हा रुग्णालयात होते. थोंग शिफूंनी वाचले, कागद परत सरकवला.

“फक्त शिक्का हवाय, शिफू,” कारकून म्हणाला. “याच्याशिवाय प्रशस्तिपत्र निघणार नाही.”

“मग नको निघू दे. मला मार्ग दाखवला तो सप्टेंबरातल्या एका बाटलीनं आणि एका रांजणानं. त्यांची नावं लिहितोस?”

त्याने लिहिली नाहीत. प्रशस्तिपत्र निघाले नाही. दप्तरात ते सूत्र ‘शिपाओ सूत्र’ म्हणून आहे, त्याखाली कोणाचेच नाव नाही. मी त्या खोलीत होतो. तेव्हाही मी काही बोललो नाही.

आता तोच रकाना माझ्यापुढे आला आहे. माझा शिक्का चारी कोपऱ्यांनी धड आहे. आयुष्यात मी त्याने एकही खीळ ठोकली नाही. त्या रकान्यावर मी दोन रेघा मारल्या आहेत, शेजारी लिहिले आहे, ‘थोंग ग्वेइरू, स्वतः’, आणि खाली शिक्का उठवला आहे. या वेळी साध्या लाल शाईने. सात ओळींच्या जागी हे सगळे कागद टाचले आहेत.

कचेरी सकाळी आठला उघडते. या वेळी फोन करत नाही. स्वतः जातो आहे, आणि कागद परत करायचा असेल तर त्या मुलीने तो माझ्या हातात द्यावा. मी तो तिथेच टेबलावर पुन्हा ठेवीन.